अर्धी लाल रेघ

१

"मास्तर, ही पेटी बिलावरची नाही."

विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाई आमच्या गाडीच्या चेपलेल्या तोंडासमोर उकिडव्या बसल्या होत्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात गॅरेजचं बिल. भंगाराच्या आवारात ऊन रणरणत होतं. मी चार पावलं मागे उभा होतो. सहा आठवड्यांत त्या गाडीजवळ जायची माझी ही पहिलीच वेळ.

"नाही म्हणजे?"

"बिलावर शेवटचे आकडे चार-शून्य-सात. इथे आहेत एक-नऊ-दोन. आणि ही नवी नाहीच. अकरा वर्षांपूर्वीची आहे, तुमच्या गाडीच्या वयाची."

मी शिंपी आहे. गाडीतलं मला फारसं कळत नाही. जे कळलं ते बायकोच्या या गाडीमुळे. ही आपोआप गिअर बदलणारी गाडी. कोणता गिअर कधी पडायचा, ते एक लहानशी पेटी ठरवते. गॅरेजवाले तिला गिअरचा कंप्युटर म्हणतात. जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी, ॲल्युमिनियमची, बॅटरीखाली तीन बोल्टनी आवळलेली. आमची ती पेटी बिघडली होती. गाडी हिसके द्यायची, तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची, गरम झाली की मध्येच जीव सोडायची. इंजिन ओरडतंय आणि चाकं जागची हलत नाहीत, अशी गत. म्हणून आम्ही पेटी बदलून घेतली. गुरुवारी गाडी घरी आली. त्यानंतर बाराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, गल्लीतून हमरस्त्यावर वळताना ती मधोमध उभी राहिली आणि सिमेंटचा मिक्सर तिच्यावर आला.

पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलं गेलं, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये, किल्ली बंद. म्हणजे चालवणाऱ्या बाईची चूक. काही लोक दबक्या आवाजात चुकीपेक्षा वाईट बोलले. भर रस्त्यात गाडी बंद करून कोण बसतं?

लोकांचं मी गिळलं असतं. पण माझी एकुलती एक लेक आहे. त्या वेळी ती आईशी फोनवर बोलत होती. आपल्या फोनमुळेच आई गेली, असं तिनं मनाशी घट्ट धरलं आहे. फोनवर काय बोलणं झालं ते ती कुणालाच सांगत नव्हती. तिला आठवा महिना सरत आलेला. जेवण नाही, झोप नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हे असंच चाललं तर बाळाची खात्री मी देणार नाही.

मला भरपाई नको होती. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी पुराव्यानिशी माझ्या लेकीला सांगावं, तुझ्यामुळे नाही झालं.

"शुक्रवारी फाइल बंद होते," बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. केस पिकलेले, पायात पुरुषी बूट. "आज सोमवार. नवी पेटी कुठे गेली हे नंतर बघू. ही बिघडलेली पेटी तुमच्या गाडीत कुणी घातली, ते आधी. कारण मास्तर, ज्यानं घातली त्याला ती बिघडलेली आहे हे माहीत होतं."

२

गॅरेजचा मालक खुर्चीतून उठलाही नाही.

"वहिनी गेल्या याचं मलाही वाईट वाटतं, मास्तर. पण म्हणून माझ्यावर चोरीचा आळ?"

"आळ नाही, प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "पेटी बसवली कुणी?"

"नेलपॉलिशनं."

"कुणी?"

मालकाला त्याही वेळी हसू आवरलं नाही. "ए नेलपॉलिश! बाहेर ये, मॅडम आल्यात."

एका गाडीखालून पन्नाशीचा मिस्त्री सरपटत बाहेर आला. दाढीचे खुंट, हात कोपरापर्यंत काळे. बाईंनी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. खिशात लाल नेलपॉलिशची बाटली होती.

"चिडवू दे त्यांना," तो म्हणाला. "मी बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढतो. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबून कळतं. चोवीस वर्षं झाली, माझा बोल्ट सुटलेला नाही. बाटली पळवतो म्हणून घरी बोलणी खातो, ते वेगळं."

"यांच्या गाडीत रेघ ओढली होती?"

"तीन बोल्ट, तीन रेघा. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, मिस्त्री, रंग झकास आहे, बाटली दाखवा बघू."

मी दुसरीकडे बघितलं. ती असंच बोलायची. कुणाशीही.

"आणि जुनी पेटी?"

"नवीच्या खोक्यात घालून वहिनींच्या हातात दिली. आमच्याकडे तशी रीतच आहे. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, बदललीच नाही. शिवाय खिळ्यानं गाडीचा नंबर कोरून देतो, म्हणजे अदलाबदल नको."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "मिस्त्री, चालत्या गाडीत ती पेटी अडकली तर काय करायचं?"

"थांबायचं. दांडा न्यूट्रलमध्ये, किल्ली बंद, दहा आकडे मोजायचे, परत चालू. पेटी भानावर येते. काम होईपर्यंत वेळ मारून न्यायला हे मीच शिकवलं होतं वहिनींना." तो बोलता बोलता थांबला. माझ्याकडे बघायला लागला. "न्यूट्रलमध्ये होता ना दांडा? किल्ली बंद? मास्तर, पण नवी पेटी असताना त्या असं कशाला करतील?"

"पेटी नवी नव्हती," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. मालक ओरडत होता तरी त्यानं पाने खाली टाकले आणि आमच्याबरोबर निघाला. भंगाराच्या आवारात तो गाडीच्या तोंडात अर्धा शिरला. बराच वेळ त्याची फक्त पाठ दिसत होती.

"बोल्ट माझे आहेत," आतून आवाज आला. "तिन्ही डोक्यांवर माझी रेघ आहे. अर्धी."

"अर्धी म्हणजे?"

"रेघ बोल्टवरून पेटीवर उतरायला हवी ना? बोल्टवर आहे, पेटीवर ठिपकासुद्धा नाही." तो बाहेर आला. त्यानं लाल अर्ध्या रेघेकडे बोट दाखवलं. "मी आवळलेली पेटी ही नव्हे. माझ्यानंतर कुणीतरी यात हात घातलाय."

३

त्या संध्याकाळी लेकीला फोन केला. आईची चूक नव्हती गं, पेटी अडकली होती, असं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नका." आणि फोन ठेवला.

मंगळवारी बाई घरी आल्या. मी खोकं शिलाई मशीनखालून काढलं. ते अजून उघडलेलं नव्हतं. बायकोनं चिकटवलेली पट्टी तशीच होती, टोक दुमडून ठेवलेली, पुन्हा काढायला सोपं जावं म्हणून. मला ती पट्टी ओढवेना. बाईंनी ओढली.

आत पेटी होती. पाठीवर आमच्या गाडीचा नंबर, खिळ्यानं कोरलेला.

"झालं," बाई म्हणाल्या. "गॅरेजनं जुनीच परत बसवली असती तर ही इथे नसती. म्हणजे एक तुमची जुनी, ही. दुसरी नवी, ती गायब. आणि तिसरी, गाडीतली. तुमचीही नाही आणि गॅरेजच्या बिलावरचीही नाही. याच सालच्या, याच मॉडेलच्या दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतली."

"दुसऱ्या गाडीतली पेटी आमच्या गाडीत चालते?"

"साल आणि मॉडेल तेच असेल तर चालते. चार दिवस जरा आदळआपट करते, एवढंच."

 बायकोनं मला सांगितलं होतं. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात, भाजी निवडता निवडता. "अहो, गाडी परत हिसके देतेय." मी मशीनवर होतो, मान वर केली नाही. "नवीन पेटी आहे, शिकेल हळूहळू," असं म्हणालो.

तिथून आम्ही गॅरेजला नवी पेटी पुरवणाऱ्या पार्टवाल्याकडे गेलो. दुकान बोळासारखं होतं, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. माणूस चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधत होता.

"त्या पेट्या आता बनत नाहीत," तो म्हणाला. "देशभरात शोधून एक मिळाली, ती यांच्या गॅरेजला दिली. मग लगेच दुसरी मागणी आली, तश्शीच पेटी हवी. दोन दिवसांत दोन! वर्षभर कुणी विचारत नाही आणि एकदम दोन. मी म्हटलं, साथ आली की काय."

"कोणाची मागणी?"

"फोनवरच बोलायचा. नाव नको म्हणाला. हळू आवाज, शिकलेला माणूस वाटला. पहिली कुणाला दिली ते त्याला माहीत होतं. म्हणाला, तिच्यासारखीच द्या. शनिवारी येणार होती, मालाची गाडी रखडली, बुधवारवर गेली. रोज सकाळी त्याचा फोन. आली का, आली का. शेवटी मी म्हटलं, अहो दादा, लग्नाचा मुहूर्त आहे का? तर म्हणतो, एकेक दिवस फार महाग आहे."

"मग बुधवारी नेली?"

"कुठली! मंगळवारी सकाळीसुद्धा फोन होता. आणि गुरुवारी म्हणतो, नको आता. ती बघा, पडलीये वर."

वरच्या फळीवर बंद खोकं होतं. त्यावर धूळ बसायला लागली होती.

बाहेर आल्यावर बाई फुटपाथवर थांबल्या. "मंगळवारी सकाळपर्यंत पेटी हवीच होती. गुरुवारी नको. मध्ये काय झालं, मास्तर?"

मध्ये माझी बायको गेली होती.

४

"गुरुवारी गाडी घरी आली. अपघाताच्या मंगळवारपर्यंत तिला हात कुणी लावला?" बाईंनी बुधवारी विचारलं. आम्ही पुन्हा भंगाराच्या आवारात होतो.

"ती एकटीच चालवायची."

"आठवून बघा."

मी आठवत होतो आणि बाई पेटीजवळच्या वायरींवर टॉर्च मारत होत्या. वायरींचा जुडगा काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेला होता. तशा पट्ट्या गॅरेजमध्ये ढिगानं असतात, ओढून आवळायच्या आणि शेपूट तोडून टाकायचं. त्या गाडीत इतर ठिकाणीही होत्या. सगळ्यांची शेपटं बोटभर बाहेर, हाताला टोचणारी. मिस्त्री लोकांना कुठे एवढा वेळ असतो.

ही एकच तशी नव्हती. शेपूट अगदी मुळाशी कापलेलं. मी अंगठा फिरवला. काही टोचलं नाही.

चाळीस वर्षं मी दोरे कापतो आहे. कोण दोरा तोडतो, कोण दातानं ओढतो, कोण कात्री आडवी धरून मुळाशी कापतो, हे मला कापड बघून कळतं. हात लपत नाही. तो हात कुणाचा हे मला तिथेच कळलं. मी अंगठा काढून घेतला आणि बाईंना म्हणालो, "आठवत नाही काही."

घरी आल्यावर चप्पल न काढता टीव्हीच्या मागे वाकलो. मागच्या वर्षी जावयानं त्या वायरी नीट बांधून दिल्या होत्या. तो इस्पितळातली मशिनं दुरुस्त करतो. नेलकटरनं एकेक शेपूट मुळाशी कापताना म्हणाला होता, "रोग्याच्या हाताला लागलं तर? सवय झालीय, बाबा." आठ पट्ट्या होत्या. आठही गुळगुळीत.

मी जमिनीवरच बसलो. मग एकेक गोष्ट येत गेली, आणि एकही मी बोलावली नव्हती.

तो रविवार. जावई सकाळीच आला होता, सासूच्या गाडीत फोन ठेवायचा स्टँड बसवायला. फोन हातात धरून चालवू नये म्हणून. "आई, तुम्ही आत चहा प्या. मी बॉनेट उघडून जरा बघतो, नवीन काम आहे, एकदा नजरेखालून गेलेलं बरं." ही किती खूश झाली होती. "बघा, माझे जावईबापू! तुम्ही कधी बॉनेट उघडलंत का?"

लेकीची गाडी आमच्या गाडीची बहीणच. एकाच कंपनीनं विकायला काढलेल्या जुन्या गाड्यांतून जावयानंच दोन निवडल्या होत्या. साल तेच, रंगसुद्धा तोच. आमची बिघडली तेव्हा तीही हिसके द्यायला लागली होती. लेक रोज नोकरीला वीस किलोमीटर जायची, वीस परत यायची. एकदा उतारावर गाडीनं जीव सोडला म्हणून घरी येऊन रडली होती.

आणि अंत्यविधीला मला तिच्या गाडीतून नेलं होतं. जावई चालवत होता. एकही हिसका बसला नाही. आपण चाललो आहोत हेही मला कळलं नव्हतं, इतकी ती गुळगुळीत चालत होती. त्या दिवशी मला वाटलं, दुःखामुळे कळत नाही.

गुरुवारी दुपारी बाई दारात उभ्या होत्या. आत आल्या, टीव्हीकडे गेल्या, मागे हात घातला आणि अंगठा फिरवला.

"मंगळवारी आले तेव्हा या नेटक्या वायरी दिसल्या होत्या. काल तुमचा अंगठा बघितला मी," त्या म्हणाल्या. "खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला."

मी मशीनवरचा टेप गुंडाळायला लागलो.

"मग मीच बोलते. मिस्त्रीनं नवी पेटी बसवली, बोल्टवर त्याची रेघ आहे. पुढे कुणीतरी ती काढली आणि दुसऱ्या गाडीची बिघडलेली घातली. त्यानं चोरी केली असती तर दुसरी पेटी मागवली नसती. त्यानं मागवली, रोज फोन केला. म्हणजे त्याला ती परत जागेवर घालायची होती. आठवड्यापुरती उसनी घेतली होती. त्याला पार्टवाला माहीत होता, गाडी तुमच्या दारात हाताळता येत होती, आणि दुसऱ्या गाडीत असं कुणीतरी बसत होतं ज्याच्यासाठी एकेक दिवस महाग होता." त्या थांबल्या. "मुलीला दिवस आहेत ना तुमच्या?"

"तुम्ही पोलिसांत जाणार?"

"माझ्याकडे अर्धी रेघ आहे. उरलेली अर्धी दुसऱ्या गाडीच्या बॉनेटखाली असेल. पेटीवर रेघ, बोल्ट कोरे. आज संध्याकाळी सहा वाजता मी तिथे जाणार. त्याआधी घरच्या माणसानं जावं असं मला वाटतं. कुणाकडून कळतं, याला फार महत्त्व असतं, मास्तर."

५

चार वाजता लेकीच्या घरी पोचलो. दार जावयानं उघडलं. रजा काढून तो घरीच असतो. तिची औषधं, तिचं जेवण, सगळं तोच बघतो. शेजारपाजारचे म्हणतात, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

"या बाबा. चहा टाकतो. जरा समजवा तिला, सकाळपासून दूधसुद्धा घेतलं नाही."

ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती, हात पोटावर. डोळ्यांखाली काळं. मी स्टूल ओढून समोर बसलो.

"सोमवारी फोनवर जे बोललो ते खरं आहे," मी म्हणालो. "गाडी तुझ्या आईनंच बंद केली होती. मुद्दाम. पेटी अडकली की तेच करायचं असतं. मिस्त्रीनं शिकवलं होतं, आणि मी तिच्या शेजारी बसून तिच्याकडून घोटून घेतलं होतं. दांडा न्यूट्रलमध्ये, किल्ली बंद, मोठ्यानं दहा आकडे मोजायचे, मग..."

"काय?"

तिची मान वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"काय म्हणालात? मोजायचे?"

"दहापर्यंत."

तिचे ओठ हलायला लागले. 

"मी भांडले तिच्याशी, बाबा. म्हटलं, बाळंतपणाला इतक्या आधीपासून येऊन बसू नकोस, तू फार मागे लागतेस. ती गप्प झाली. आणि मग मोजायला लागली. एक. दोन. तीन. मी लहान असताना मोजायची ना, दहा होईपर्यंत ऐकलं नाहीस तर बघ, तसं. मला वाटलं, एवढी मोठी झाले तरी ही मला अजून... मी सातला फोन कापला. रागानं. सातला, बाबा. नंतर मिक्सरवाल्यानं सांगितलेली धडकेची वेळ आणि माझ्या फोनची वेळ एकच निघाली." ती हुंदके द्यायला लागली. "ती माझ्यावर चिडलेलीच गेली असं वाटायचं मला. कुणाला सांगू मी हे?"

"तुझ्यावर नव्हती चिडली. ती पेटीला भानावर आणत होती."

मी तिचे दोन्ही हात धरले. ती रडली, पण हे रडणं वेगळं होतं. बराच वेळ अडलेलं पाणी मोकळं व्हावं तसं. मला वाटलं, आता इथेच थांबावं. चहा प्यावा, घरी जावं. तिला हवं ते मिळालं होतं आणि मलाही.

मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "पण पेटी नवी होती ना? मग अडकली कशी?"

मागे कपबशी खणखणली. जावई दारात ट्रे घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. चहा बशीत सांडला होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"जावईबापू," मी उठलो. "गाडीची किल्ली घ्या. बॉनेट उघडायचंय."

६

गाडी पोर्चमध्ये होती, धुतलेली. जावयानं बॉनेट उघडलं, बॅटरी सोडवून बाजूला केली. त्याचे हात सरावाचे होते, पण पाना दोनदा निसटला.

पेटी खाली चकचकीत दिसत होती. शेवटचे आकडे चार-शून्य-सात. बोल्ट बसतात त्या पेटीच्या तीन कानांवर तीन लाल रेघा, प्रत्येक रेघ बोल्टच्या कडेपाशी येऊन संपलेली. बोल्टची डोकी कोरी. झकास रंग होता तो. तिला आवडला होता.

"आठच दिवस, बाबा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ही रोज चाळीस किलोमीटर जायची, असल्या अवस्थेत. आई आठवड्यातून दोनदा, कोपऱ्यावरच्या बाजारापर्यंत. मी हिशोब केला. शनिवारी दुसरी येणार होती, रविवारी मी आईंच्या गाडीत घालणार होतो. कुणाला कळलंही नसतं. मालाची गाडी रखडली. बुधवारी येणार होती. बुधवारी, बाबा. एक दिवस."

"मला सांगायचं होतंत. मी तिला गाडी बाहेर काढू दिली नसती."

"सांगितलं असतं तर ही नाही म्हणाली असती. आईची पेटी काढून मला नको, म्हणाली असती."

ते खरं होतं. मी माझ्या लेकीला ओळखतो.

"तेही मी समजून घेतलं असतं," मी म्हणालो. "घाबरलेला माणूस काहीही करतो. पण त्यानंतर सहा आठवडे. ही तुमच्या डोळ्यांदेखत झिजत होती. माझ्या फोननं आई मेली म्हणत होती, आणि तुम्ही तिला दूध आणून देत होतात."

 नेहमी नेटका असणारा माणूस, शर्टाला बॅटरीचा काळा डाग लागला होता.

"तिला सांगा."

"बाबा, आत्ता नको. हे दिवस जाऊ देत. तिच्या पोटात..."

"सहा वाजता सर्व्हेअर बाई येतायत. त्यांना सगळं माहीत आहे. परक्या बाईकडून कळायचं का हिला?"

घराचं दार वाजलं. लेक भिंतीला धरत धरत पोर्चच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिनं उघडं बॉनेट बघितलं, मला बघितलं, मग नवऱ्याला.

"काय बघताय दोघं?"

 समोरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. जावई पेटीकडे बघत होता, जणू ती त्याच्या वतीनं बोलेल.

मी त्याच्याजवळ गेलो. त्याला मारायचं माझ्या मनात सहा आठवड्यांत कितीदा आलं असतं, माणूस कोण हे माहीत असतं तर. आता हात उचलला जात नव्हता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी मोजायला लागलो.

"एक."

त्यानं दचकून वर बघितलं.

"दोन. तीन. चार."

लेकीनं खांब धरला. कशासाठी मोजतोय ते तिला अजून कळलं नव्हतं, पण आवाजाची चाल तिच्या ओळखीची होती.

"पाच. सहा. सात."

सातनंतरचे आकडे कुणीच ऐकले नव्हते. ते मी सावकाश म्हटले, एकेक, स्पष्ट.

"आठ."

जावयानं हातातला पाना बॉनेटच्या कडेवर ठेवला.

"नऊ."

तो लेकीकडे वळला आणि म्हणाला, "ऐक. त्या रविवारी मी आईकडे फक्त स्टँड बसवायला गेलो नव्हतो."